रेड अ‍ॅरेवरचे डीफ्रॅग : जुन्या वादाची पार्श्वभूमी

अनेक डिस्क जोडून केलेला साठवणीचा संच म्हणजे रेड अ‍ॅरे; त्यावर डीफ्रॅग, म्हणजे फाइलीचे विखुरलेले तुकडे पुन्हा सलग लावण्याचे काम, करावे की नाही हा जुना वाद. चवथीच्या सुट्टीला कचेरी बंद करताना सर्व्हरवर डीफ्रॅग लावून निघायचे, ही सवय ज्या काळात पडली त्या काळात ती चुकीची नव्हती. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर हवा तो सेक्टर (डिस्कवरचा लहानसा भाग) वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, हेड सरकायला आणखी ८-९. फाइलीचे तुकडे वाढले की या खेपा वाढतात.

विंडोज एनटी ४.० मध्ये, १९९६ साली, चालू व्हॉल्यूमवर (सर्व्हरला एक ड्राइव्ह म्हणून दिसणाऱ्या साठवणीवर) क्लस्टर, म्हणजे फाइलीला जागा देण्याचे सर्वांत लहान एकक, हलवण्याची सोय आली. विंडोज २००० सोबत डीफ्रॅगही मिळू लागले, पण ४ केबीपेक्षा मोठा क्लस्टर त्याला चालत नसे. ६४ केबीने फॉरमॅट केलेले डेटाबेसचे व्हॉल्यूम त्यामुळे तसेच राहत. सर्व्हर २००३ ने ती अट काढली, मात्र त्याच आवृत्तीत शॅडो कॉपी (फाइलींच्या आधीच्या अवस्थेच्या जपलेल्या प्रती) आल्या. क्लस्टर १६ केबीहून लहान असेल तर नुसते क्लस्टर हलवणेही बदल म्हणून नोंदले जाते, राखीव जागा भरते आणि जुन्या प्रती उडतात. फाइलीत एक अक्षर बदललेले नसते!

खरा घोळ मात्र 'सलग' या शब्दाचा. रेड मुळातच फाइल पाच डिस्कांवर विखुरते, मग डीफ्रॅग कशाला, हा युक्तिवाद अजून ऐकू येतो. तो अर्धवट आहे. पाच डिस्कांचा रेड-५, पट्टी (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) ६४ केबीची आणि फाइल १० एमबीची धरा. १६० पट्ट्या डेटाच्या आणि ४० पॅरिटीच्या (एक डिस्क गेली तर डेटा परत काढण्यासाठीच्या हिशेबाच्या), म्हणजे प्रत्येक डिस्कवर ४०. व्हॉल्यूमवर फाइल सलग असेल तर या ४० पट्ट्या त्या त्या डिस्कवरही ओळीने येतात आणि पाचही हेड एकाच दमात वाचतात. तीच फाइल ४-४ केबीच्या तुकड्यांत गेली तर २,५६० विनंत्या. साध्या अ‍ॅरेवर डीफ्रॅगला अर्थ होता आणि आहे. किंमत लिहिताना मोजावी लागते, कारण रेड-५ वर प्रत्येक छोटे लेखन म्हणजे दोन वाचने आणि दोन लेखने.

हे गणित थिन व्हॉल्यूमवर, म्हणजे जागा आधी न देता लिहिले जाईल तशी दिली जाते तिथे, कोसळते. तिथे सर्व्हरला दिसणारा पत्ता आणि डिस्कवरची जागा यांचा संबंध साठवण यंत्रणा ठरवते. डीफ्रॅगने नव्या पत्त्यांवर लिहिले की जागा वाढत जाते, स्नॅपशॉट (व्हॉल्यूमच्या एका क्षणाच्या जपलेल्या प्रती) फुगतात, रात्रीचा वाढीव (फक्त बदललेल्या भागाचा) बॅकअप पूर्ण बॅकअपएवढा होतो. सर्व्हर २०१२ पासून हे साधन 'ऑप्टिमाइझ' म्हणवते आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) दिसली तर ट्रिम, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली हे तिला कळवणारी आज्ञा, पाठवते. पण रेड कंट्रोलरच्या (अ‍ॅरे चालवणाऱ्या यंत्रणेच्या) मागची एसएसडी अनेकदा साधी हार्ड डिस्क म्हणून दिसते. म्हणून 'माध्यम प्रकार' हा रकाना वाचल्याशिवाय वेळापत्रक चालू ठेवू नये.

एसएसडीवरही एक जुने दुखणे उरते. फार तुकडे झालेल्या प्रचंड फाइलीची तुकड्यांची नोंदच एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-व्यवस्थेच्या मर्यादेबाहेर जाते आणि लेखन ६६५ क्रमांकाच्या त्रुटीने थांबते. नवा व्हॉल्यूम मोठ्या नोंदींसह फॉरमॅट करणे हा त्यावरचा टिकाऊ उपाय.

आपल्याकडे वेळेचाही विचार हवा. मृगाच्या गडगडाटात वीज जाते. क्लस्टर हलवण्याला एनटीएफएसची जर्नल (बदलांची नोंदवही) सांभाळून घेते, पण डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी राहिली, तर तो फरक कंट्रोलरच्या कॅशेची (तात्पुरत्या स्मृतीची) बॅटरीच भरून काढते. बॅटरी मेलेली असेल तर बहुतेक कंट्रोलर कॅशेत न थांबवता थेट डिस्कवरच्या लेखनावर उतरतात आणि रात्रभराचे डीफ्रॅग सोमवारी सकाळीही चालूच असते. एखादी डिस्क निकामी झालेली असताना तर ते लावूच नये.