फिरणं वेगळं, पार्किन्सनचा व्यायाम वेगळा

मी फिजिओथेरपिस्ट. पार्किन्सनच्या पेशंटच्या घरी पहिल्यांदा गेले की मी विचारते, व्यायाम काय करता? बेळगावातली टिळकवाडी असो, शहापूर असो नाहीतर खानापूर, उत्तर ठरलेलं. "रोज फिरायला जातात की! व्हॅक्सीन डेपोच्या मैदानाला दोन फेऱ्या." सांगणारा कधी मुलगा असतो, कधी सून, कधी काका स्वतःच. मग काका मला चालून दाखवतात. एक हात पोटाशी घेतलेला, पाऊल वीतभर, चपला फरशीवर सर्र सर्र घासतायत. दोन वर्षं रोजच्या त्या दोन फेऱ्या अशाच झालेल्या असतात.

फिरणं म्हणजे काय हे बेळगावकरांना मी काय सांगायचं? गार हवा, ओळखीची माणसं, येताना चहा. बद्धकोष्ठता, झोप, मन, सगळ्यालाच ते बरं. बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही. त्याला व्यायामाच्या खात्यात मांडू नका, एवढंच माझं म्हणणं.

दोन्हींतला फरक वेळेचा आहे असं घरच्यांना वाटतं, म्हणून फिजिओ कुरकुरली की दोनाच्या चार फेऱ्या होतात. पण फरक आहे मापाचा, आणि सगळी गल्लत तिथेच होते.

मेंदूत खोलवर डोपामिन तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी होत जातात. चालणं, हात हलवणं, सही करणं या सवयीच्या हालचाली लक्ष न देता बरोबर मापात व्हाव्यात, हे बेसल गँग्लिया नावाच्या भागाचं काम, आणि त्याला डोपामिन लागतं. ते कमी पडलं तरी हालचाल लगेच बंद पडत नाही. ती आखडत जाते. सही इतकी बारीक होते की बँकेतून चेक परत येतो. बोलणं पुटपुटल्यासारखं होतं. पाऊल वीतभरावर येतं. मेख अशी की ज्याचं होतं त्याला ते जाणवत नाही. आपण नेहमीसारखंच चालतोय, नेहमीच्याच आवाजात बोलतोय, घरच्यांनाच ऐकू कमी यायला लागलंय, असं त्याला मनापासून वाटत असतं.

शिंप्याची टेपच आटली तर तो कितीही मन लावून शिवो, शर्ट आखूडच होणार. त्या टेपेनं दहा शर्ट शिवले तर दहाही आखूड. आपल्याच नादात घेतलेल्या चार फेऱ्यांचं हेच होतं. आखूड पावलाचाच सराव वाढतो.

पार्किन्सनच्या व्यायामात आधी ही टेप ताणून घेतात. मी म्हणते, "काका, पाऊल मोठं टाका, टाच आधी टेकवा, हात झुलवा." काका टाकतात. बघणाऱ्याला ते साधं, निरोगी माणसाचं पाऊल दिसतं. काकांना मात्र वाटतं आपण गल्लीत सोंग काढलंय. "लोक हसतील की हो!" ते असं म्हणाले की मला हायसं वाटतं. त्यांना वाढीव वाटणारं पाऊल हेच बरोबर पाऊल. महिनाभर रोज, लक्ष देऊन, मोजून, तेच करत राहिलं की आतला अंदाज हळूहळू सरकतो.

एलएसव्हीटी बिग नावाची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. आठवड्याला चार दिवस, चार आठवडे, एकेक तासाची 16 सत्रं, शिवाय घरचा अभ्यास. मुळात ती आवाजासाठी बसवली होती, नंतर हातापायांना लावली. बर्लिनमध्ये 60 पेशंटवर केलेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. एका गटानं हा व्यायाम केला, दुसरा गट हातात काठ्या घेऊन झपाझप चालला, तिसऱ्याला घरी करायचे व्यायाम शिकवून सोडलं. हालचालीच्या तपासणीत पहिला गट सरासरी 5 गुणांनी सुधारला, बाकी दोन्ही गटांत सुधारणा दिसली नाही. अभ्यास लहान आहे, मान्य. पण "फिरतात की!" ऐकलं की मला त्या काठ्यावाल्यांची आठवण येते.

चालण्याचाही व्यायाम होऊ शकतो, पण जोर लावला तर. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत, औषधं अजून सुरू न झालेले 128 पेशंट होते. सहा महिन्यांनी, ट्रेडमिलवर हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंत नेणाऱ्यांची लक्षणं जवळपास जागच्या जागी राहिली. 60 ते 65 टक्क्यांवर चालणाऱ्यांना नेहमीच्या रुटीनपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. डेपोवर राजकारणाच्या गप्पा मारत चालता येतंय म्हणजे तो जोर लागलेला नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र या फंदात पडू नका.

आता घरच्यांकडे वळते. "दमानं, दमानं, पडाल" हे पालुपद आधी थांबवा. आधीच आखडलेल्या माणसाला आणखी आखडायला सांगताय तुम्ही. हात धरून ओढू नका. चालताना फोनवर बोलायला लावू नका, कारण लक्ष दोन ठिकाणी गेलं की पाऊल पुन्हा वीतभर होतं. एकच शब्द ठरवा, "मोठ्ठं!" घरात कन्नड बोलत असाल तर "दोड्ड!" पण रोज तोच, आणि एकानंच बोलायचा, तिघांनी तीन बाजूंनी नाही. उंबऱ्यापाशी पाय चिकटतात त्यांच्यासाठी फरशीवर आडव्या खडूच्या रेघा मारा. जिना बिनदिक्कत चढणारा माणूस सपाट दारात अडकतो हे नाटक नव्हे. पायऱ्या डोळ्यांना दिसतात, म्हणून पाय उचलला जातो. रेघांचंही तेच. वळताना जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, बैलगाडी वळवतात तसं लांबून वळायचं.

मालिश आणि दुसऱ्यानं हातपाय हलवून देणं यानं बरं वाटतं, पण त्यात हालचाल मालिश करणाऱ्याची होते. रबरी चेंडू दाबल्यानं कंप जात नाही, कितीही व्हॉट्सअप फिरवा. योगासनं की ताई ची हा संथ चिनी व्यायाम, सकाळी की संध्याकाळी, यावर मी वाद घालत नाही. ताई चीनं तोल सुधारतो नि पडणं कमी होतं हे दिसलंय, शिकवणारा मिळाला तर जरूर करा. वेळ फक्त पार्किन्सनच्या गोळीचा अंमल असतानाची धरा. उठल्याउठल्या चक्कर येत असेल तर आधी रक्तदाब बघून घ्या.

माझी आवड विचाराल तर लेझीम. इथल्या मराठी शाळांतून शिकलेल्या साठी-सत्तरीच्या माणसांच्या अंगात ती अजून आहे. हात पूर्ण बाहेर, गुडघा वर, वाकून डावी-उजवी, आणि वर हलगीचा ठेका. ठेक्यावर पाऊल सुधारतं हे तर वारंवार दिसलंय. पुण्यात पार्किन्सनच्या पेशंटांसाठी नृत्याचे वर्ग चालतात, मग आपल्याकडे लेझीम का नको? तोल जात असेल त्यानं भिंतीजवळ किंवा खुर्चीत बसून करावी.

जून लागला की फोन सुरू होतात. "मॅडम, पाऊस लागलाय, व्यायाम बंद झालाय." बंद फिरणं झालंय. व्यायामाला घरातल्या सोप्याची, म्हणजे पुढच्या खोलीची, लांबी पुरते. खडू घ्या, रेघा मारा, आणि मोबाईलवर हलगी लावा. शेजारचे दोन दिवस डोकावतील, मग सवय होते त्यांनाही.