गिअर-गुणोत्तर, माउंटन बाइकचे

माउंटन बाइकच्या क्रँकवरील (पेडल जोडलेल्या दांड्यावरील) दंतचक्राच्या, म्हणजे चेनरिंगच्या, दात्यांच्या संख्येला मागील चाकाच्या ज्या दंतचक्रावर साखळी त्या वेळी चढलेली असते त्याच्या दात्यांच्या संख्येने भागले असता येणारी संख्या म्हणजे गिअर-गुणोत्तर होय. पुढे ३२ व मागे १६ दाते असतील, तर गुणोत्तर २ येते आणि पेडलाच्या एका फेऱ्यात मागील चाक दोनदा फिरते. शर्यतीच्या रस्ता-सायकलीत १ हून कमी गुणोत्तर अलीकडेपर्यंत क्वचितच आढळे. माउंटन बाइकमध्ये मात्र ते ०.६ किंवा त्याहून खाली जाते आणि तेच या सायकलीच्या गिअरव्यवस्थेचे खरे लक्षण मानावे लागते.

इतिहास : साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी डिरेलर यंत्रणा माउंटन बाइकहून बरीच जुनी आहे. फ्रान्समधील सेंत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही, ऊर्फ वेलोसिओ, यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक गिअरांच्या सायकलीचा हिरीरीने पुरस्कार केला. तथापि तूर द फ्रान्स या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळण्यास १९३७ साल उजाडले. जाड टायरांच्या, कच्च्या वाटेवर चालवायच्या सायकलीला ही यंत्रणा प्रथम कोणी जोडली, याविषयी मात्र एकमत नाही. १९५१ ते १९५६ या काळात पॅरिसच्या परिसरातील सुमारे वीस तरुणांच्या एका मंडळाने रानवाटांसाठी बदल केलेल्या सायकली वापरल्या होत्या. काही अभ्यासक त्यांनाच आद्य मानतात. अमेरिकेत जॉन फिन्ले स्कॉट यांनी १९५३ च्या सुमारास श्विन बनावटीच्या चौकटीवर जाड टायर, सरळ हँडल व डिरेलर बसवून एक सायकल सिद्ध केली होती. ही दोन्ही उदाहरणे कालदृष्ट्या आधीची असली, तरी पुढील घडामोडींशी त्यांचा थेट धागा जुळत नाही.

खरा वाद कॅलिफोर्नियातील दोन गटांपुरता आहे. मरिन काउंटीतील माउंट टॅमलपायसच्या उतारावर गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली आदी मंडळी जुन्या, जाड टायरांच्या सायकली पळवीत असत आणि त्यांपैकी फिशर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास आपल्या जुन्या श्विन सायकलीला डिरेलर बसवल्याचे प्रसिद्ध आहे. बराच काळ हेच आद्य उदाहरण म्हणून सांगितले जाई. परंतु क्युपर्टिनो येथील मॉरो डर्ट क्लब या गटाचे काही सदस्य डिसेंबर १९७४ मध्ये मरिन काउंटीतच भरलेल्या सायक्लोक्रॉस (चिखल व अडथळ्यांच्या वाटेवरील) शर्यतीत अशाच बहुगिअरी सायकली घेऊन उतरले होते आणि मरिनमधील काही स्पर्धकांनी त्या तेथे पाहिल्या होत्या, हे आता सामान्यतः मान्य झाले आहे. त्यामुळे प्रथमपणाचा मान क्युपर्टिनोच्या गटाकडे झुकतो. प्रसाराचे श्रेय मात्र मरिनकडेच राहते, कारण क्युपर्टिनोच्या गटाने तो प्रयोग पुढे नेला नाही, तर मरिनमध्ये १९७७ मध्ये ब्रीझ यांची खास बांधणीची पहिली सायकल आणि १९७९ मध्ये फिशर व केली यांचा सायकलविक्रीचा व्यवसाय उभा राहिला.

या वादात एक तपशील बहुधा निसटतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी सुरू झालेली मरिनची रीपॅक शर्यत ही निव्वळ उताराची होती. मागील हबमधील (चाकाच्या मध्यभागातील) पायब्रेक उतरणीवर इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे, यावरूनच शर्यतीला ते नाव पडले. उतरण्यासाठी गिअरांची निकड नव्हती. सायकल वर ढकलत किंवा वाहनात घालून नेण्याऐवजी चालवत नेता यावी म्हणून गिअर आले. म्हणजे माउंटन बाइकवर गिअर चढले ते चढासाठी, आणि निवडीचा विचारही आजतागायत त्याच टोकापासून सुरू करणे इष्ट ठरते.

१९८२ मध्ये शिमानो या कंपनीने डिओर एक्सटी हा खास माउंटन बाइकसाठी घडवलेला सुट्या भागांचा संच बाजारात आणला. पुढे तीन चक्रांची मांडणी रूढ झाली आणि कालांतराने २२-३२-४४ दात्यांचा संच व त्याच्या मागे ११-३२ किंवा ११-३४ ची कॅसेट (मागील चक्रांचा गट; आकडे सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांचे) हे जवळजवळ प्रमाण बनले. स्रॅम या कंपनीने २०१२ मध्ये पुढे एकच चक्र व मागे १०-४२ ची अकरा चक्रे अशी रचना आणली. २०१६ मध्ये १०-५० ची बारा चक्रे आली. शिमानोची १०-५१ ही कॅसेट २०१८ ची, तर स्रॅमची १०-५२ ही २०२० ची. एकाच चेनरिंगवरून साखळी निसटू नये यासाठी आळीपाळीने जाड व बारीक दाते पाडण्याची युक्ती आणि डिरेलरच्या साखळी ताणून धरणाऱ्या पिंजऱ्याची हालचाल रोखणारा क्लच या दोन गोष्टींमुळे ही रचना व्यवहार्य ठरली.

मापनपद्धती : केवळ गुणोत्तरावरून दोन सायकलींची तुलना करता येत नाही, कारण चाकांचे आकार भिन्न असतात. ज्यांना २६, २७.५ व २९ इंची म्हटले जाते त्या चाकांच्या रिमचा टायर बसण्याच्या जागी व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ व ६२२ मिमी असतो. इंग्रजी भाषक देशांत गुणोत्तरास चाकाच्या इंचातील व्यासाने गुणून ‘गिअर-इंच’ काढतात. हे माप उंच पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलींच्या काळातले असून, त्यातून येणारा आकडा म्हणजे तितक्याच जड चालीच्या उंच चाकाचा व्यास होय. युरोप खंडात व्यासाऐवजी परिघाने गुणतात आणि पेडलाच्या एका फेऱ्यात कापलेले अंतर मीटरमध्ये मांडतात. सायकलतज्ज्ञ शेल्डन ब्राउन यांनी क्रँकची लांबीही हिशेबात धरणारे तिसरे माप सुचवले होते. तर्कदृष्ट्या ते सर्वांत निर्दोष आहे, परंतु व्यवहारात रुळले नाही. फेऱ्यामागील अंतराचे माप समजण्यास सोपे असल्याने पुढील विवेचनात तेच वापरले आहे. २९ इंची चाकावर २.३ इंची टायर असता परिघ ढोबळमानाने २.३ मीटर धरता येतो.

निवड : सर्वांत हलका गिअर आधी ठरवावा. ३२ चे चेनरिंग व ५१ चे मागील चक्र असल्यास फेऱ्यामागे १.४४ मीटर अंतर कापले जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी सुमारे ५.२ किमी पडतो. याहून सावकाश गेल्यास खडकाळ वाटेवर तोल सांभाळणे अवघड होते आणि फेरे ६० च्या बरेच खाली आल्यास गुडघ्यांवर ताण येऊन मागील चाक झटक्यानिशी घसरते. स्वार व सायकल मिळून ८५ किलोग्रॅम वजन १५ टक्के चढावर मिनिटाला ६० फेऱ्यांनी नेण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी शक्ती, मागे ५१ चेच चक्र धरून, ३४ च्या चेनरिंगला सुमारे १९०, ३२ ला १७८, ३० ला १६७ व २८ ला १५६ वॉट इतकी येते. मऊ मातीचा व टायरांचा रोध यात धरलेला नाही. दोन दात्यांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण तासभराच्या चढावर ११ वॉटचा फरक सायकल चालवणे व ढकलणे यांच्यातील फरक ठरू शकतो.

वरच्या टोकाची चिंता नवखे स्वार गरजेपेक्षा अधिक करतात. ३० च्या चेनरिंगवर १० च्या मागील चक्राने, मिनिटाला ९० फेऱ्यांस, ताशी ३७ किमी वेग येतो. रानवाटेवर त्यापुढे पेडल मारण्याची वेळ फारशी येत नाही, कारण उतारावर गुरुत्वच ते काम करते. क्रॉस-कंट्री शर्यतींतील निष्णात स्पर्धक ३४ ते ३८ चे चेनरिंग वापरतात. त्यांचे पाय तेवढे सशक्त असतात आणि मोठ्या चक्रांवर साखळी कमी वाकत असल्याने थोडी ऊर्जाही वाचते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या मोजमापात साखळीची कार्यक्षमता अनुकूल स्थितीत ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली; चक्रांचा आकार व साखळीचा ताण यांचा तिच्यावर स्पष्ट परिणाम दिसला, तर साखळी तिरपी चालण्याचा परिणाम अल्प होता. तिरप्या साखळीने शक्ती फार वाया जाते ही समजूत त्यामुळे मागे पडते, जरी तिरपेपणामुळे झीज व आवाज वाढतो हे खरेच आहे. हौशी स्वाराने या अल्प बचतीसाठी हलक्या गिअरचा त्याग करावा, असे मात्र या निष्कर्षांवरून म्हणता येत नाही.

तीन चेनरिंगांच्या जुन्या रचनेचे समर्थक गिअरांच्या संख्येकडे बोट दाखवतात. २२-३२-४४ व ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३०-३४ या मांडणीत कागदावर २७ गिअर आहेत. परंतु ४४ ही २२ ची दुप्पट असल्याने ४४/२६ व २२/१३, ४४/३० व २२/१५, तसेच ४४/३४ व २२/१७ या जोड्या तंतोतंत एक आहेत आणि ४४/१५ व ३२/११ यांत नावापुरताच फरक आहे. एकूण पल्ला, म्हणजे सर्वांत जड गिअरचे सर्वांत हलक्या गिअरशी प्रमाण, मात्र ६१८ टक्के होता. पुढे एकच चक्र असलेल्या १०-५१ च्या एकेरी रचनेत तो ५१० टक्के आहे. हा तोटा कोणत्या टोकाला सोसावा लागतो, हे पाहण्याजोगे आहे. २६ इंची सायकलीवर २२/३४ ने फेऱ्यामागे १.३४ मीटर अंतर पडे; २९ इंची सायकलीवर ३०/५१ ने १.३५ मीटर पडते. चढाच्या बाजूने काहीच गमावलेले नाही.

पल्ल्याइतकेच महत्त्व दोन लगतच्या चक्रांमधील उडीला आहे. १०-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३३-३९-४५-५१ या मांडणीत १० वरून १२ वर जाताना २० टक्क्यांची उडी आहे, पण मोठ्या चक्रांकडे ४५ ते ५१ ही उडी १३ टक्क्यांचीच आहे. स्रॅमच्या १०-५२ मध्ये ४२ नंतर थेट ५२ येते, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. ऐन चढावर पायांची लय त्यामुळे मोडते, असा आक्षेप घेतला जातो. उलट पक्षी ५२ ला निव्वळ अडचणीचा गिअर मानून उरलेली अकरा चक्रे वापरावीत, असेही मत आहे. लांब व संथ चढांच्या प्रदेशात पहिली मांडणी अधिक सोयीची ठरते.

भागांची बदली : सर्वांत स्वस्त व परिणामकारक बदल म्हणजे चेनरिंग लहान करणे होय. ज्यावरील चेनरिंगचे चार बोल्ट १०४ मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात अशा क्रँकवर साधारणपणे ३० हून लहान चेनरिंग बसत नाही. क्रँकवर थेट बसणाऱ्या प्रकारात ही अडचण येत नाही. मोठे चेनरिंग घ्यायचे असल्यास ते चौकटीच्या मागील नळीला घासणार नाही, हे आधी पाहावे लागते. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत चेनरिंगच्या आकाराबरोबर साखळीच्या ओढीची दिशा बदलते आणि पेडल मारताना सस्पेन्शन दबण्याच्या प्रवृत्तीवर त्याचा परिणाम होतो.

कॅसेट बदलताना फ्रीहबचा, म्हणजे मागील हबवर कॅसेट जेथे बसते त्या भागाचा, प्रकार निर्णायक ठरतो. शिमानोच्या जुन्या, एचजी प्रकारच्या फ्रीहबवर सर्वांत लहान चक्र ११ दात्यांचे बसते. १० दात्यांसाठी स्रॅमचा एक्सडी किंवा शिमानोचा मायक्रोस्प्लाइन फ्रीहब लागतो. एचजीवर बसणाऱ्या ११-५० व ११-५१ च्या कॅसेटही मिळतात आणि चढापुरता विचार केला तर त्यांनी काही बिघडत नाही. त्या जड असतात, एवढेच. स्रॅमच्या बारा चक्रांच्या कॅसेटींपैकी साधीचे वजन सुमारे ६१५ ग्रॅम, तर सर्वांत महागडीचे सुमारे ३६० ग्रॅम भरते. शिफ्टर (हँडलवरील गिअर बदलण्याची कळ) व डिरेलर यांची जोडी शक्यतो एकाच घराण्यातील असावी, कारण एका खटक्यात केबल किती ओढली जाते हे प्रमाण उत्पादकागणिक आणि पिढीगणिकही बदलते. शिमानोचे नऊ व दहा गिअरांचे माउंटन बाइक संच याच कारणाने एकमेकांशी जुळत नाहीत. डिरेलरची साखळी सामावण्याची क्षमताही पुरेशी हवी. पुढील मोठ्या व लहान चक्रांतील फरक आणि मागील मोठ्या व लहान चक्रांतील फरक यांच्या बेरजेने ती ठरते : वरील तिहेरी रचनेत ४५, १०-५१ च्या एकेरी रचनेत ४१.

नवी साखळी कापताना ती डिरेलरमधून न ओवता पुढील व मागील मोठ्या चक्रांभोवती गुंडाळतात आणि टोके जेथे जुळतात त्यापुढे एक बाहेरची व एक आतली कडी अधिक ठेवतात. मागे सस्पेन्शन असेल, तर त्यातील हवा सोडून साखळी सर्वाधिक ताणली जाईल अशा स्थितीत हे माप घ्यावे लागते. हे वगळल्यास पहिल्याच मोठ्या खड्ड्यात डिरेलर मोडण्याचा संभव असतो. झिजलेल्या कॅसेटवर नवी साखळी घातल्यास ती जोर पडताच दात्यांवरून उडते. म्हणून २४ कड्यांची लांबी, जी नवीन असताना ३०४.८ मिमी असते, ती ३०६.३ मिमीपर्यंत, म्हणजे अर्धा टक्का, वाढली की अकरा व बारा गिअरांची साखळी बदलतात. नऊ व दहा गिअरांस पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते.

डिरेलरऐवजी बंदिस्त गिअरपेटीचा पर्यायही आहे. रोलॉफ कंपनीच्या १४ गिअरांच्या मागील हबचा पल्ला ५२६ टक्के असून प्रत्येक उडी सुमारे १३.६ टक्क्यांची, म्हणजे समान आहे. पिनियनच्या १८ गिअरांच्या, क्रँकपाशी बसणाऱ्या पेटीचा पल्ला ६३६ टक्के आहे. चिखल व दगडांपासून या यंत्रणा सुरक्षित राहतात, परंतु त्या वजनदार असतात आणि पिनियनसाठी चौकटच वेगळी बांधावी लागते.