पोलीस शिपायांना बोलण्या-ऐकण्याचं ट्रेनिंग (मराठवाडा)

नवीन भरती झालेल्या शिपायाला लोकांशी बोलायचं कसं, समोरच्याचं ऐकून घ्यायचं कसं आणि चिडलेल्या माणसाला शांत करायचं कसं, हे शिकवणारा पोलीस ट्रेनिंगचा भाग. मराठवाड्यात जालना आणि लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्रं आहेत. भरतीत धावणं, गोळाफेक आणि लेखी याचेच मार्क धरतात, शिपायाला मुलाखत नसते, त्यामुळं पोरगं माणसांशी कसं वागतं हे कळायची पहिली जागा म्हणजे ट्रेनिंगच. पोलीस प्रशिक्षणावर १९७० च्या दशकात नेमलेल्या गोरे समितीनंही कवायतीसोबत वागणूक आणि दृष्टिकोन घडवण्यावर भर दिला होता.

हे शिकवायची चांगली पद्धत म्हणजे रोल प्ले. समजा बांधावरून भांडण झालंय, एकजण फिर्यादी म्हातारी होतो, दुसरा ठाणे अंमलदार. नवखा अंमलदार मान वर न करताच "नाव? गाव? वय?" सुरू करतो आणि म्हातारी बनलेला गप्पच होतो. मग उस्ताद (शिकवणारे) थांबवतात अन् परत करायला लावतात: आधी "बसा मावशी, पाणी घ्या, काय झालं ते सांगा", तिचं पूर्ण सांगून होऊ द्यायचं, मधे तोडायचं नाही, तारीख-वेळ नंतर विचारायची, शेवटी लिहिलेलं वाचून दाखवायचं. फिर्याद वाचून दाखवणं अन् तिची नक्कल फुकट देणं हे तर कायद्यातच आहे (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३), पण घाबरलेल्या माणसाला कळेल असं वाचायचं हे सरावानंच जमतं.

लेकरांच्या बाबतीत नियम अजून कडक आहेत. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लेकराचा जबाब घेताना पोलिसानं वर्दी घालायची नाही आणि लेकराला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही.

मराठवाड्यात भाषेचा प्रश्न मोठाय. बंजारा तांड्यावर गोरमाटी, शहरांत दखनी उर्दू, देगलूरकडं तेलुगू, उमरग्याकडं कन्नड कानावर पडते, आणि ऊसतोडीला गेलेल्या घरातली भांडणं, बेपत्ता माणसं यांच्या तक्रारी बऱ्याचदा दुसऱ्या जिल्ह्यातून फोनवरच येतात, तिथं चेहरा दिसत नाही, फक्त आवाजावरून समजून घ्यावं लागतं. म्हणून फोनवर बोलायचा सरावही वेगळा घ्यायला पाहिजे, आणि तोही ज्या भागात पोस्टिंग मिळणारय तिथल्या बोलीत.