मुलाची भीती, आणि ट्रेनिंग आईबाबांना

पोरगं दहा वर्षांचं झालं तरी रात्री एकटं झोपत नाही, आईला यायला जरा उशीर झाला की फोनवर फोन, पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणार. मग आपण शेजारी जाऊन झोपतो, प्रत्येक फोन उचलतो, पाहुण्यांना त्याच्या वतीने आपणच उत्तरं देतो. मायेपोटीच करतो सगळं, पण होतं काय की भीती तेवढ्यापुरती शांत होते आणि मुलाच्या मनात पक्कं बसतं की हे माझ्या एकट्याने झेपलंच नसतं, आई होती म्हणून निभावलं.

अमेरिकेतल्या येल चाइल्ड स्टडी सेंटरमधले सायकॉलॉजिस्ट एली लेबोविट्झ यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांच्या 'स्पेस' या प्रोग्राममधे मुलाला न्यायचंच नाही, फक्त आईबाबांनी यायचं. 2020 साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात अँग्झायटीचं निदान झालेली 7 ते 14 वयाची 124 मुलं होती, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकात मुलांना सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी), दुसऱ्यात नुसते पालकांचे सेशन, दोन्हीकडे 12 आठवडे. आणि जी मुलं थेरपिस्टकडे गेलीच नाहीत तीही जवळपास तेवढीच सुधारली! मला हे फार मोलाचं वाटतं, कारण कितीतरी मुलं डॉक्टरांसमोर तोंडच उघडत नाहीत.

याचा अर्थ भीती आईबाबांमुळे आली असा अजिबात नाही, तो दोष कृपा करून कुणी स्वतःला लावू नका. आणि "घाबरतोस काय" म्हणून एकदम कडक व्हायचं असंही नाही. पालक दोन गोष्टी एकत्र बोलायला शिकतात, "तुला खरंच भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तुला हे जमेल याची मला खात्री आहे." मग एकच सवय निवडायची, समजा रात्रीचं शेजारी झोपणं, आणि कधीपासून काय बदलणार हे मुलाला आधीच सांगायचं, बरेचदा चिठ्ठी लिहून. मूल चिडतं, रडतं, त्यासाठी जवळच्या नातेवाइकांनाही सोबत घेतात, म्हणजे मामाने फोन करून म्हणायचं की अवघड आहे रे, पण काल तू प्रयत्न केलास ते कळलं मला.

आपल्याकडे तर आजीआजोबा बरेचदा घरातच असतात, आई उठून गेली की आजी हळूच नातवाशेजारी जाऊन झोपणार, म्हणून ती चिठ्ठी मुलाच्या हातात द्यायच्या आधी आजीला वाचून दाखवायला हवी.