ड्रायर फिरतोय, पण कपडे ओलेच: दोष शोधायचा कुठे?

वॉशिंग मशीनने १००० आरपीएमला पिळून काढलेले ४ किलो सुती कपडे हाताला फारसे ओले लागत नाहीत. तरीही त्यांच्यात साधारण २.४ लिटर पाणी शिल्लक असतं. त्या पाण्याची वाफ करायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने १.६ युनिट वीज लागते आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. पण ही झाली उष्णतेची बाजू. तयार झालेली वाफ ड्रममधून बाहेर गेली नाही, तर कितीही तापवलं तरी कपडे वाळत नाहीत. ड्रायर बिघडला की बहुतेक जण लगेच कॉइलवर, म्हणजे हवा तापवणाऱ्या तारेवर, संशय घेतात. खरं तर पहिला संशय हवेवर घ्यायला हवा.

म्हणून पाना-पक्कड काढण्याआधी अर्ध्या तासाने मशीन थांबवून कपड्यांना हात लावून पाहा. कपडे गरम आहेत पण ओले, तर उष्णता मिळते आहे आणि हवा अडली आहे. कपडे गार आणि ओले, तर उष्णताच मिळत नाही. मशीन वेळेआधी बंद पडलं आणि कपडे जेमतेम ओलसर राहिले, तर दोष ओल ओळखणाऱ्या सेन्सरचा असण्याची शक्यता जास्त. शोध कुठून सुरू करायचा, हे यावरून ठरतं.

अमेरिकेतल्या घरांत सर्रास दिसणारा २४० व्होल्टचा, हवा घराबाहेर सोडणारा ड्रायर घेऊ. त्याचा ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, मिनिटाला सुमारे ४ ते ५ घनमीटर हवा खोलीतून ओढतो. ती हवा कॉइलवरून तापून ड्रममध्ये जाते, मग लिंटच्या (कपड्यांच्या लवेच्या) जाळीतून आणि ४ इंची डक्टमधून (हवेच्या नळीतून) बाहेर पडते. ही वाट कुठेही तुंबू शकते. जाळी दर खेपेला साफ करूनही तिच्यावर ड्रायर शीटचा (कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रममध्ये टाकायच्या तुकड्याचा) मेणचट थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं, तर साबण आणि मऊ ब्रशने ती घासून घ्या.

त्यानंतर डक्ट. मशीन चालू असताना घराबाहेरची झडप सताड उघडून हवेचा जोरदार झोत यायला हवा. झडप नुसती फडफडत असेल, तर आत लव साचली आहे किंवा मशीन भिंतीला सरकवताना मागची नळी चेपली आहे. तिथल्या प्रचलित बांधकाम नियमांत डक्टची कमाल लांबी ३५ फूट धरलेली आहे. काटकोनी वळणाला त्यातून साधारणपणे ५ फूट वजा होतात आणि ४५ अंशाच्या वळणाला अडीच. म्हणजे चार काटकोनी वळणं असली, तर सरळ डक्टसाठी १५ फूटच उरतात. घर बांधताना हा हिशेब पुष्कळदा कुणी केलेला नसतो. प्लॅस्टिकची किंवा फॉइलची सुरकुतलेली नळी असेल, तर ती काढून गुळगुळीत धातूचा डक्ट बसवा. सांध्यांवर फॉइल टेप लावा. आत टोक काढणारे स्क्रू वापरू नका, त्यांना लव अडकून गुंता होतो. बाहेरच्या तोंडावर किड्यांसाठी बारीक जाळी लावली असेल, तर तीही काढा. महिन्याभरात ती लवेने लिंपली जाते.

मशीन बंद कपाटात असेल, तर आत येणाऱ्या हवेकडेही बघा. जी हवा आत येत नाही ती बाहेर जाणार कुठून? दाराला किमान १०० चौरस इंचाची मोकळी जागा लागते.

आता गार आणि ओले कपडे. ड्रम फिरतो, दिवा लागतो, टायमर चालतो, पण उष्णता नाही. इथे २४० व्होल्टच्या मशीनची एक खोड माहीत हवी. त्याला दोन लाइव्ह वायरी येतात. प्रत्येकीवर न्यूट्रलच्या मानाने १२० व्होल्ट असतात, एकमेकींच्या मानाने २४०. मोटर १२० वर चालते, कॉइल २४० वर. एका बाजूचा पुरवठा तुटला, तर मोटर मजेत फिरत राहते आणि कॉइल मात्र गार पडते. असं झाल्यावर आधी घराच्या वीज-पॅनलमधला ३० अँपिअरचा जोड-ब्रेकर पूर्ण खाली ओढून पुन्हा वर करा. अर्धवट ट्रिप झालेला ब्रेकर वरवर चालूच दिसतो. लागोपाठ ट्रिप होत असेल, तर तो पुन्हापुन्हा वर करत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पुरवठा ठीक असेल, तर प्लग काढा आणि मगच मागचं किंवा पुढचं पॅनल उघडा (मॉडेलनुसार). मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि तपासायच्या भागाची एक तरी वायर सोडवून घ्या, नाहीतर दुसऱ्याच वाटेचं रीडिंग मिळतं. ५४०० वॉटच्या कॉइलचा रोध २४० चा वर्ग भागिले ५४००, म्हणजे १०.७ ओहमच्या आसपास यायला हवा. मीटरने काहीच दाखवलं नाही, तर कॉइल तुटली आहे. त्यानंतर एक टोक कॉइलच्या टर्मिनलला आणि दुसरं तिच्या पत्र्याच्या पेटीला लावा. इथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं, तर लोंबलेली तार पत्र्याला टेकली आहे. हा दोष फसवा आहे. थर्मोस्टॅटने (तापमान राखणाऱ्या स्विचने) एक बाजू तोडली, तरी कॉइलचा काही भाग दुसऱ्या बाजूने अर्थिंगमार्फत तापत राहतो. कपडे वाळतात, कधी करपतात, आणि ‘कमी उष्णता’ निवडूनही फरक पडत नाही. असं मशीन तात्काळ वापरातून काढा.

कॉइल धडधाकट निघाली, तर थर्मल फ्यूज आणि थर्मल कट-ऑफ (अति तापल्यावर वीज तोडणारे भाग) तपासा. चांगल्या फ्यूजचा रोध शून्याजवळ असतो. उडालेला फ्यूज पुन्हा जुळत नाही, बदलावाच लागतो. काही मॉडेलमध्ये तो उडाला की फक्त उष्णता जाते, काहींत मोटरच सुरू होत नाही. फ्यूज स्वस्त असतो, दहा मिनिटांत बसतो आणि मशीन सुरू होतं. लोक इथेच थांबतात, आणि काही आठवड्यांनी नवा फ्यूजही उडतो. कारण तो उडतो अतिउष्णतेने, आणि अतिउष्णता बहुधा तुंबलेल्या हवेमुळे होते. तेव्हा फ्यूज बदलताना डक्ट साफ करणं हे त्याच दुरुस्तीतलं काम समजा. आणि फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा जोडून काम भागवण्याचा उद्योग कधीही करू नये. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीत घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २९०० होत्या, आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हे होतं.

सेन्सरचा दोष सगळ्यांत सोपा. ड्रममध्ये, बहुधा जाळीजवळ, धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की त्यातून वीज वाहते आणि मशीनला ओल कळते. सॉफ्टनरचा थर बसला की वीज वाहत नाही, मशीनला कपडे वाळलेले वाटतात. रबिंग अल्कोहोलने पट्ट्या पुसल्या की झालं. मोटर गुणगुणते आणि ड्रम हाताने अगदी हलका फिरतो, तर बेल्ट तुटला आहे. लयीत धडधड किंवा किंचाळणं ऐकू आलं, तर आधारचे रोलर किंवा बेल्ट ताणणारी पुली झिजली आहे. बेल्टसाठी मशीन उघडलंच आहे, तर हे दोन्ही भाग त्याच वेळी बदललेले बरे.

भारतातल्या २३० व्होल्टच्या मशीनमध्ये अर्धा पुरवठा तुटण्याचा प्रकार नसतो. कॉइलही लहान, २००० वॉटच्या आसपास, त्यामुळे वेळ मुळातच जास्त लागतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ड्रायर काम करणार कसा, अशी शंका येते, पण २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांवर येते. दमट हवा आडवी येत नाही, बंद खिडकी मात्र येते. ड्राय बाल्कनीत काचा लावून घेतलेल्या असतात, नळीचं तोंड आतच उघडतं, आणि मशीन आपलीच वाफ पुन्हा ओढत राहतं. नळी खिडकीबाहेर काढा.

कंडेन्सर प्रकारात, म्हणजे वाफेचं आतच पाणी करणाऱ्या मशीनमध्ये, नळीच नसते. तिथे पाण्याची टाकी भरली की मशीन थांबतं, आणि काढता येणारा कंडेन्सर लवेने भरला की कपडे गरम पण ओले राहतात. तो बाहेर काढून नळाखाली धुवायचा. हीट पंपवाल्या (कॉइलऐवजी फ्रिजसारख्या यंत्रणेने तापवणाऱ्या) मशीनमध्ये हवा तुलनेने कमी तापते आणि एका खेपेला दोन ते तीन तास लागू शकतात. कपडे शेवटी कोरडे निघत असतील, तर त्यासाठी मेकॅनिकला बोलावण्याची गरज नाही.