अंड्यांचे ट्रे आणि भिंतीपलीकडचा आवाज

भिंतींवर अंड्यांचे रिकामे ट्रे किंवा फोम चिकटवला की सभागृह ध्वनिरोधक होते, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. असा समज होणे स्वाभाविक आहे, कारण मऊ आवरणानंतर आवाज खरोखरच वेगळा जाणवतो. मात्र बदलते ते खोलीतले घुमणे, भिंतीपलीकडे जाणारा आवाज नव्हे. फोमच्या छिद्रांत शिरलेल्या ध्वनिलहरींची काही ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते, त्यामुळे प्रतिध्वनी घटतो; ट्रे तर एवढेही नीट करत नाहीत. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजनदार आणि फटी नसलेला अडथळा लागतो. एकसंध भिंतीचे वजन दुप्पट केले, तरी ढोबळमानाने ६ डेसिबलचाच फरक पडतो; हलक्या ट्रेकडून त्याहून अधिक अपेक्षा ठेवता येत नाही.

खात्री करायची असल्यास आवरण लावण्यापूर्वी आणि नंतर खोलीत टाळी वाजवावी, आणि दोन्ही वेळा आत तेवढ्याच आवाजात रेडिओ लावून, दार बंद करून बाहेरून ऐकावे. फोममुळे टाळीचे घुमणे कमी झालेले असेल, रेडिओ जवळजवळ तेवढाच ऐकू येईल. मग दाराखालची फट बुजवून पुन्हा ऐकावे. शिवाय कागदी लगद्याचे ट्रे आणि अग्निरोधक नसलेला फोम चटकन पेट घेतात, म्हणून गर्दीच्या जागी ते लावूच नयेत.