तेल किती, कोणतं आणि अंगात ते जातं कुठे? : आमच्या लाकडी घाण्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की काउंटरवर एकच प्रश्न दिवसातून वीसदा येतो: "सगळ्यात चांगलं तेल कोणतं?" आम्ही उलट विचारतो, "घरात माणसं किती, आणि महिन्याला तेल किती लागतं?" इथे बहुतेक जण अडकतात. डबा संपला की दुसरा आणायचा, एवढाच हिशेब असतो. तेल विकणाऱ्यानेच तो हिशेब मांडावा हे जरा उफराटं वाटेल, पण कोणतं तेल हा प्रश्न किती तेल याच्या नंतरचा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी माप

बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला वरून घातलेलं तेल, तूप, लोणी सगळं मिळून दिवसाला 20 ते 25 ग्रॅम पुरे, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलं आहे. म्हणजे चहाचे सपाट चमचे जेमतेम पाच. चौघांच्या घराला महिन्याला जास्तीत जास्त तीन किलो, तेही तूप धरून. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. आमचं एक लिटर शेंगदाणा तेल वजनाला साधारण 915 ग्रॅम भरतं, त्यामुळे तीन किलो म्हणजे सव्वातीन लिटर धरा. तुमच्या चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात रिकामा होत असेल, तर तो खरं म्हणजे दीड महिना पुरायला हवा होता.

एक ग्रॅम तेलातून 9 कॅलरी मिळतात. पिठातून, साखरेतून किंवा डाळीतल्या प्रथिनांतून ग्रॅमला 4. तेल घाण्याचं असो, रिफाइंड असो की साजूक तूप असो, या आकड्यात फरक पडत नाही. "घाण्याचं तेल आहे, कितीही खा" असं कुणी म्हणत असेल, तर ते आमच्या नावावर खपवू नका.

शिवाय न दिसणारं तेल असतंच. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल. मूठभर दाणे, तीसेक ग्रॅम, खाल्ले की पंधरा ग्रॅमच्या आसपास तेल पोटात गेलंच. आणि एकादशीला आपण काय करतो? साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट, वर तूप, जोडीला तळलेले पापड आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. वर्षातले सगळ्यात तेलकट दिवस कोणते, असं विचारलं तर आम्ही दिवाळीच्या आधी उपवासाचं नाव घेऊ.

तेल बंदच केलं तर?

असेही ग्राहक येतात. डॉक्टरांनी कमी करा म्हटलेलं असतं, घरी ऐकून बंद झालेलं असतं. स्निग्ध पदार्थ पूर्ण तोडणं शरीराला परवडत नाही, हे जवळपास शंभर वर्षांपूर्वी कळलं. 1929 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना अजिबात स्निग्धांश नसलेलं अन्न दिलं. उंदरांची वाढ खुंटली, कातडीला आणि शेपटीला खवले धरले. अन्नात अगदी थोडं स्निग्ध परत घातल्यावर ते सुधारले. काही स्निग्धाम्लं (स्निग्धांशाचे घटक, फॅटी ॲसिड) शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात, हे त्यातून पुढे आलं. लिनोलिक आणि अल्फा लिनोलेनिक ही ती दोन. पहिलं ओमेगा-6 घराण्यातलं, दुसरं ओमेगा-3 मधलं.

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशातच विरघळतात. गाजराच्या कोशिंबिरीवर मोहरी-हिंगाची चमचाभर फोडणी पडली की गाजरातला रंग तेलात उतरतो, पिवळा थर कडेला दिसतो. शरीर त्याच रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. कोरड्या कोशिंबिरीतून ते नीट शोषलं जात नाही. लहान बाळांची गोष्ट आणखी वेगळी. आईच्या दुधातल्या जवळजवळ निम्म्या कॅलरी स्निग्धांशातून येतात, तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलाच्या वाटीत डाएटच्या नावाखाली हात आखडता घेऊ नका.

चकली खाल्ली, पुढे काय?

तेल आणि पाणी मिसळत नाही, हे तेलकट कढई घासणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पोटातही तीच अडचण येते. तिथे साबणाचं काम पित्तरस करतो, तो यकृतात तयार होतो आणि पित्ताशयात साठतो. तेलाचे बारीक थेंब झाले की स्वादुपिंडाचा पाचकरस त्यांचे तुकडे पाडतो. आतड्याच्या भिंतीतून पलीकडे गेल्यावर ते पुन्हा जोडले जातात आणि प्रथिनांच्या वेष्टनात बांधले जाऊन रक्तात येतात. भरपूर तेलकट जेवणानंतर काही तासांनी रक्त काढून ठेवलं तर वरचं पाणी दुधासारखं गढूळ दिसू शकतं. ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या या स्निग्धाची, तपासणी अनेकदा उपाशीपोटी करायला सांगतात, ती याचसाठी.

रक्तातून हे स्निग्ध स्नायूंकडे जातं, तिथे जळतं. उरतं ते चरबीच्या पेशीत.

ही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखी असते. आत तेलाचा एकच मोठा थेंब, आणि बाकीचं सगळं, केंद्रकसुद्धा, कडेला दाबून बसलेलं. अंगठीच्या कडीला खडा असतो तसं. पूर्ण भरलेली पेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत फुगते. साठ किलोच्या माणसाच्या अंगात बारा किलो चरबी धरली, तर ती चाळीसेक दिवसांची शिदोरी होते. शरीरात साखर साठते ती ग्लायकोजेनच्या रूपात, आणि ती एखाद्या दिवसातच संपत येते. शिवाय ग्लायकोजेन आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतं. तेवढीच शिदोरी ग्लायकोजेनमध्ये बाळगायची झाली असती, तर चालणं मुश्कील झालं असतं.

टाचेखाली गादी, मूत्रपिंडाभोवती वेष्टन, डोळ्यांच्या खोबणीत आधार, ही कामंही चरबीचीच. तान्ह्या बाळाच्या पाठीकडे तपकिरी चरबी असते. ती साठवण्यासाठी नसते, जळून ऊब देण्यासाठी असते. मोठ्या माणसांतही ती थोडी टिकून असते आणि कामही करते, हे 2009 मध्ये पक्कं झालं.

चरबीची पेशी नुसतं कोठार नाही हे मात्र बरंच उशिरा समजलं. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी एक जनुक शोधलं. त्याच्यापासून तयार होणाऱ्या संप्रेरकाला पुढे लेप्टिन नाव मिळालं. हे चरबीच्या पेशीतून निघतं आणि मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे, आता जेवण आवरा. साठा फार घटला की निरोप थांबतो. भूक तर वाढतेच, पण मुलींची पाळीही थांबू शकते. अति व्यायाम आणि अति डाएट करणाऱ्या मुलींमध्ये हे दिसतं. मग अंगावर भरपूर चरबी असलेल्यांना भूक का लागते? त्यांच्या रक्तात लेप्टिन बहुधा भरपूरच असतं, मेंदू ते ऐकेनासा झालेला असतो. म्हणूनच लेप्टिनची इंजेक्शनं वजन उतरवण्याचा रामबाण ठरली नाहीत.

चरबी अजिबातच नसेल तर छान, असं वाटणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. काही माणसांत जन्मतः चरबीच्या पेशी जवळपास नसतातच. दुर्मीळ आजार आहे. ही माणसं दिसायला पीळदार, पण त्यांना तरुणपणीच अवघड मधुमेह होतो आणि यकृत चरबीने भरतं. खाल्लेलं स्निग्ध ठेवायला जागाच नाही, तेव्हा ते नको तिथे जाऊन बसतं. त्यांना मात्र लेप्टिनची इंजेक्शनं उपयोगी पडतात.

पेशी मोजल्या कशा?

हा भाग तेलविक्रीशी फारसा संबंधित नाही, पण आम्हाला फार आवडला म्हणून देतो. 1950-60 च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढलं आणि चाचण्या आटोक्यात आल्यावर हळूहळू घटत गेलं. ते झाडांत, झाडांतून अन्नात आणि अन्नातून आपल्या पेशींत आलं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी पेशीत ते किती आहे यावरून चरबीच्या पेशींची जन्मतारीख काढली. 2008 मध्ये त्यांनी मांडलं की पेशींची संख्या बालपणी आणि किशोरवयात ठरते. पुढे दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात, तेवढ्याच नव्या येतात. वजन खूप उतरलं तरी पेशी आकाराने लहान होतात, संख्येने नाही. रिकाम्या बरण्या फळीवर तशाच असतात. उतरलेलं वजन इतक्या लवकर परत का येतं, याचं एक कारण यात असावं असं मानतात.

उतरताना चरबी जाते कुठे? घामात नाही. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्याचं पाणी होतं. पोटाला पट्टा बांधून घाम काढणारे पाणी गमावतात. दोन तांबे पाणी प्यायले की काटा परत जागेवर.

पुण्याची गोष्ट

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के आणि आपले डॉक्टर 21.2 टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळंतपणांचा त्यांनी अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी, सरासरी 2.7 किलोच्या घरात. हाडं-स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे, याचा त्रास जास्त. मांड्या आणि नितंबांवरची चरबी तशी निरुपद्रवी. पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात बसलेली घातक, कारण तिच्यातून सुटणारं स्निग्ध थेट यकृताकडे जातं आणि इन्सुलिनचं काम बिघडतं. वजनकाट्यावर हे कळत नाही. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांचं 90 सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांचं 80 पेक्षा जास्त भरलं, तर डॉक्टरांना दाखवा. पँटचा नंबर सांगू नका. पँट पोटाखाली घालणारे आमच्या ओळखीचे बरेच आहेत.

आणि पोट फक्त तेलाने सुटत नाही. साखरेचा चहा, बिस्किटं, भाताची दुसरी वाढ यातलं जास्तीचं ते शेवटी याच पेशींच्या वाट्याला येतं.

आता कोणतं तेल

शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ओलिक आम्ल (हेही लिनोलिकसारखं असंपृक्त, म्हणजे अनसॅच्युरेटेड) आणि पाव ते एक तृतीयांश लिनोलिक. तिळाच्या तेलात दोन्ही जवळपास सारखी. करडईत तीन चतुर्थांश लिनोलिक. खोबरेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त (सॅच्युरेटेड) स्निग्ध, तुपात साठाच्या वर. संपृक्त स्निग्ध जास्त झालं तर रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, त्याच्या जागी असंपृक्त आलं तर कमी होतं. सोलकढीला नारळ हवाच आणि वरणभातावर तूप हवंच. रोजचं तळण त्यात करू नये एवढंच. आम्ही शेंगदाणा आणि करडई महिन्याआड आलटूनपालटून वापरायला सांगतो.

या कुठल्याच तेलात ओमेगा-3 म्हणावं तेवढं नाही. ते जवसात आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक. पण ते तेल पटकन खवट होतं, तापवायचं तर नाहीच. जवस भाजून लसूण, तिखट, मिठाबरोबर कुटून चटणी करा. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. मासे खाणाऱ्यांना बांगडा, तारली उत्तम.

"कोलेस्टेरॉल फ्री" आमच्या बाटलीवर छापलेलं नाही, कारण कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पती तेलात जवळजवळ नसतंच. ट्रान्स फॅट मात्र खरंच टाळा. वनस्पती तुपातून ते येत असे. जानेवारी 2022 पासून तेला-तुपात 2 टक्क्यांहून जास्त ट्रान्स फॅट ठेवायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मनाई आहे.

तळण आणि साठवण

घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं. कढईतून निळसर धूर दिसला की उशीर झाला; आच आधीच कमी करा. चकल्यांचं उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, नव्या तेलात ओतू नका. तेल काळपट, चिकट झालं, फेस जाईना किंवा वास बदलला, तर टाकून द्या. मोरीत ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात द्या.

बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं, ते यकृताला घातक. रिफायनरीत ते बरंच निघून जातं, घाण्यात निघत नाही. म्हणून आमच्याकडे घाण्यात टाकण्याआधी दाणे हाताने निवडतात. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा बाजूला. अडीच किलो निवडलेल्या दाण्यांतून एक लिटर तेल निघतं आणि भाव त्यामुळेच जास्त आहे. निवडण कुणालाही बघायला मिळेल, सकाळी दहाच्या आत या.

तळाशी गाळ दिसला तर तेल खराब नाही, न गाळल्यामुळे तसं होतं. खवट वास आला तर मात्र बाटली परत आणा, बदलून देऊ. तेल शेगडीशेजारी ठेवू नका, तीन महिन्यांत संपवा.

मधुमेह, हृदयविकार किंवा पित्ताशयाचे खडे असतील तर तेलाचं माप तुमचे डॉक्टर सांगतील तेच, आमचं नाही.

दिवाळीसाठी डबा घरून आणणार असाल तर तो धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून आणा. ओला डबा आम्ही भरून देत नाही.